हे कुठं ठेवू

रविवारी दुपारी जेवण अंगावर आलेलं, बाहेर पाऊस धड पडत नव्हता धड थांबत नव्हता, आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन नोटा लावत बसलो होतो. पैशाच्या नाही, त्या नाशिकरोडला छापतात, आमच्याकडं कॉलेज रोडला नुसती टिपणं. ऑब्सिडियन म्हणून ॲप आहे, त्यात दुहेरी चौकटी कंसात शब्द टाकला की एक नोट दुसरीला जोडली जाते आणि ग्राफ उघडला की सगळं टिपूर चांदण्यासारखं दिसतं. खरं सांगू का, मी ते चांदणं बघायलाच ॲप उघडतो, वाचायला कमी.

तर त्यात एक नोट निघाली. 'तुरटी पण चालते.' बास, एवढंच. कशाला चालते? पाण्याला, दाढीला, का लोणच्याला? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, तूच लिहिलंय ना, मग? आता हे 'घर' मध्ये टाकू, 'आरोग्य' मध्ये टाकू, का 'नंतर बघू' मध्ये (तो फोल्डर सगळ्यात जड आहे), यात वीस मिनिटं गेली आणि शेवटी मी 'तुरटी' असा टॅगच काढला. त्यात एकच नोट आहे.

नोटांचे प्रकार पाडायचे असतात म्हणे. जाता येता खरडलेली ती कच्ची, वाचताना काढलेली ती पुस्तकाची, आणि नीट विचार करून आपल्या शब्दांत लिहिलेली ती पक्की. माझ्याकडं कच्च्या सातशेच्या वर आणि पक्क्या चार, त्यातली एक 'नोटा कशा लावाव्यात' याच्यावर. निक्लास लूमान नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञानं म्हणे ९०,००० च्या आसपास चिठ्ठ्या लिहिल्या, हातानं, लाकडी खणांमध्ये, आणि विषयवार कप्पे करत बसला नाही. चिठ्ठीला नंबर द्यायचा, तिच्यावरून काही सुचलं की पुढच्या चिठ्ठीला त्याच नंबरापुढं अक्षर जोडून तिच्यामागं लावायची, झालं. त्या खोक्यावर त्यानं ढिगानं पुस्तकं लिहिली. मी टॅगांना रंग दिले.

आमच्या आजोबांचं यापेक्षा सोपं होतं. पंचवटीतल्या जुन्या घरात दारामागं एक तार टांगलेली असायची, वर आकडा, खाली लाकडाची चकती, आणि घरात आलेला प्रत्येक कागद त्या तारेत भोसकायचा. पोस्टकार्डं, आंतर्देशीय, लाइटबिल, किराण्याची यादी, आमची प्रगतिपुस्तकं सुद्धा एकदा भोसकली होती, शाळेत बोलणी मी खाल्ली. नवीन कागद वर. जुनं काही हवं असलं तर वरचं सगळं उतरवून मांडीवर घ्यायचं आणि परत त्याच क्रमानं ओवायचं. दुपारी आजोबा घोरायला लागले की मी हळूच तार उतरवून पत्रं वाचत बसायचो. भोक नेमकं कामाच्या शब्दावर पडलेलं असायचं. 'मुलगी पसंत' आणि मग भोक, आणि मग 'असे कळवितात'. ते भोक मी उजेडाकडं धरून पण बघितलंय. तारेत फक्त एक कागद जायचा नाही, कुणी गेल्याचं कार्ड. ते आजोबा अंगणात उभ्या उभ्या वाचायचे, तिथंच फाडायचे आणि सरळ आंघोळीला जायचे. बाकी तारेला सगळं सारखं, कच्चं पक्कं काही नाही.

मागच्या पितृपक्षात रामकुंडावर गेलो होतो. उपाध्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, मूळ गाव कुठलं, आडनाव काय. उठले, कापडात बांधलेली लांबलचक वही आणली आणि मी चप्पल कुठं काढली ते आठवेपर्यंत पान समोर. आजोबांची सही, ठसठशीत. त्याच्या आधीचं पणजोबांचं मोडीत, ते गुरुजींनीच वाचून दाखवलं. आजोबांच्या नोंदीत मुलांची नावं होती, आमचे बाबा, काका, थोरली आत्या, आणि त्यांच्यामध्ये एका मुलीचं नाव, जे आमच्या घरात मी कधीच ऐकलेलं नाही. बाबा असते तर लगेच विचारलं असतं. तिथंच ओल्या हातानं फोन काढून टाइप केलं, 'आत्याला विचारायचं, वहीतलं नाव'.

आत्या सिन्नरला. तासाभराचा रस्ता, फोन केला असता तर तेवढा पण नाही.

पण ती नोट इनबॉक्सात पडली आणि मला प्रश्न पडला की ही 'माणसं' मधली का 'कामं' मधली, का 'घराणं' असा वेगळा फोल्डर करून त्यात वंशावळ वगैरे नीट लावावी, आणि तो फोल्डर करायचा तर आधी साचा बनवायला पाहिजे, जन्मसाल, गाव, नातं अशा रकान्यांचा. साचा दिवाळीत बनवला. छान झालाय.

आत्या वैशाखात गेली. सकाळी फोन आला, कार्ड वगैरे आता कोण टाकतं, त्यामुळं फाडायला काही नव्हतं. दहाव्याला काकांना त्या नावाचं विचारलं, ते म्हणाले, काय माहीत, मी तेव्हा झालोच नव्हतो, ताईला माहीत असेल.

रविवारी संध्याकाळपर्यंत इनबॉक्स सगळा काढला. तुरटी पण लागली मार्गी. एकच राहिलीय.