संदर्भासहित स्पष्टीकरण

दुपारी एका अडलेल्या शब्दाचा अर्थ शोधत होते. शोधता शोधता बोट घसरलं आणि एका ऑनलाइन ज्ञानकोशातलं माझंच पान उघडलं. छे, बोट कुठलं घसरतंय. मीच माझं नाव टाईप केलं. खोलीत एकटं असताना माणूस आरशात दात बघून घेतो, त्यातलाच हा प्रकार. कोणी बघत नसतं, तरी आपण जरा चोरून बघतो.

पान म्हणजे जेमतेम सात वाक्यं. अनुवाद करणाऱ्या बाईबद्दल आणखी काय लिहिणार? पण त्या सात वाक्यांत चार चुका. नावातली दुसरी वेलांटी पहिली झालेली. जन्मसाल दोन वर्षांनी पुढे सरकलेलं. ‘फावल्या वेळात त्या व्हायोलिन वाजवतात’ असं एक वाक्य. आणि बालपण एकुलत्या एका मुलीचं, त्यामुळे पुस्तकांच्या सोबतीत गेलं, असं आणखी एक. ते वाचून मी पुन्हा वर व्हायोलिनकडे गेले.

व्हायोलिनला मी आयुष्यात हात लावलेला नाही. हनुवटीखाली ते धरतात कसं, मान अवघडत नाही का, हे कुतूहल मात्र कायम. माझ्या नावाची कोणीतरी वाजवत असेल आणि आम्हा दोघींची सरमिसळ झाली असेल. तिच्या पानावर बिचारीच्या माथी माझे अनुवाद मारले असतील तर तिचं काय होत असेल, कोण जाणे.

‘संपादन’वर टिचकी मारली, वाक्य काढलं, जतन केलं. एवढं सोपं? चहा गाळून परत आले तर वाक्य जागेवर. ‘इतिहास’ उघडून पाहिला. कोणा सदस्याने माझा बदल उलटवला होता आणि नम्रपणे लिहिलं होतं, ‘संदर्भ असलेला मजकूर कृपया कारणाशिवाय काढू नये.’ संदर्भ होता म्हणजे खरंच होता. एका वर्तमानपत्रातला माझ्यावरचा चौकोन. त्यात व्हायोलिन आहे. तो चौकोन लिहिणाऱ्याने मला फोन केला नव्हता, हे मला पक्कं आठवतं. त्याने व्हायोलिन कुठून घेतलं असेल हे सांगायला नको. पानावरून वर्तमानपत्रात, वर्तमानपत्रातून पुन्हा पानावर. आता मीच नाही म्हटलं तर मला विचारतो कोण?

शाळेत ‘संदर्भासहित स्पष्टीकरण द्या’ हा प्रश्न मला आवडायचा, कारण त्यात हमखास मार्क मिळायचे. कोण, कोणास, केव्हा म्हणाले, एवढं लिहिलं की झालं. स्वतःबद्दल तो प्रश्न येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

यात माझ्यापेक्षा मोठी माणसंही अडकली आहेत. फिलिप रॉथ या कादंबरीकाराने विकिपीडियाला कळवलं की ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीची प्रेरणा तुमच्या लेखात दिली आहे ती नव्हे, ती माझ्या एका प्राध्यापक मित्रावरून सुचली. उत्तर आलं की लेखकाचा अधिकार मान्य, पण दुय्यम संदर्भ लागतील. पुस्तक लिहिणाऱ्याला! त्याने मग २०१२ साली ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लांबलचक जाहीर पत्रच लिहिलं. ते छापलं गेल्यावर त्याच पत्राचा संदर्भ झाला. एमिली सेंट जॉन मँडेल या लेखिकेचा घटस्फोट झाला तरी तिचं पान तिला विवाहितच ठेवून बसलं होतं. २०२२ च्या डिसेंबरात तिने समाजमाध्यमावर विचारलं, माझी मुलाखत घेऊन कोणी मला घटस्फोटाबद्दल विचारेल का? ‘स्लेट’ने घेतली. आपल्याच घरातली बातमी पुराव्याला लागावी म्हणून तिला ती परक्याकडून विचारून घ्यावी लागली.

हसू येतं खरं, पण त्या नियमांवर मला रागावता येत नाही. २००५ मध्ये जॉन सीगेंथेलर या निवृत्त अमेरिकी संपादकाच्या पानावर कोणीतरी गंमत म्हणून लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये यांचा हात असल्याचा संशय होता. ते चार महिने तसंच राहिलं. सीगेंथेलर हे तर रॉबर्ट केनेडींचे एकेकाळचे सहकारी. त्या मानाने माझं व्हायोलिन फारच सुरेल म्हणायचं. शिवाय प्रत्येकाला आपापलं पान स्वतः लिहू दिलं तर काय होईल, याची कल्पना मला स्वतःवरूनच आहे. जन्मसालाची दोन वर्षं मी अजून दुरुस्त केलेली नाहीत. करीन. सवडीने.

वेलांटीचं काम मात्र झालं. चर्चापानावर रीतसर विनंती केली, पुस्तकांच्या मुखपृष्ठांचा दाखला दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी वेलांटी नावावर विराजमान. कागदावरचं माझं नाव पहिल्यांदा चुकलं ते शाळेत नाव घातलं त्या दिवशी. वडील मला घेऊन गेले होते. खिडकीपलीकडे कारकून, मधे मोठं रजिस्टर, आणि माझं नाक खिडकीच्या कट्ट्याला जेमतेम लागलेलं. वडील म्हणजे शुद्धलेखनाचे हाडवैरी. म्हणजे चुकीच्या लेखनाचे. (पाहा, मलाही संपादक लागतो.) वर्तमानपत्र वाचताना त्यांच्या कानावर पेन्सिल असायची. छापील चुकीला गोल करायचे, समासात बरोबर शब्द लिहायचे आणि रद्दीत जाणारा तो अंक घडी घालून नीट ठेवायचे. आलेली पत्रंसुद्धा सुटायची नाहीत. रोज असं कोणासाठी दुरुस्त करत होते, देव जाणे. मी आज दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका पेन्सिलीने खुणावते, ती खोड तिथलीच.

अशा माणसाने माझ्या नावातली वेलांटी त्या दिवशी तशीच जाऊ दिली. कारकुनाने ती पहिली काढली, वडिलांना ती दिसली, त्यांचा हात कानाकडे गेलेलाही मी पाहिला. मग हात खाली आला आणि आम्ही घरी आलो. पुढे शाळाभर मी त्या चुकीच्या नावाला ‘हजर’ म्हणत राहिले. मोठी झाल्यावर त्यांना किती चिडवलं त्यावरून! ते नुसते हसायचे.

परवा त्या ‘एकुलती एक’वर पुन्हा नजर गेली तेव्हा कारकुनाचा पुढचा प्रश्न आठवला. हात कानाशी होता तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं होतं, “भावंडं?” वडील जरा वेळ थांबले. मग म्हणाले, “ही एकटीच.”

मी चार वर्षांची असताना मला एक भाऊ झाला होता. नऊ दिवस होता. नाव ठरायचं होतं, त्यामुळे त्याच्या नावातली वेलांटी पहिली की दुसरी हा प्रश्न कधी आलाच नाही. मला त्याची घट्ट मिटलेली मूठ आठवते. नंतर घरभर सगळे हळू बोलायला लागलेले आठवतात. घरात कोणी तो विषय काढला नाही. फक्त कोणी आईला विचारलं, मुलं किती, तर ती शेवटपर्यंत म्हणायची, “दोन.” आणि वडिलांना विचारलं की, “एक.” दोघं शेजारीशेजारी बसलेले असले तरी. कोणी कोणाला दुरुस्त केलं नाही. कानावरच्या पेन्सिलीनेही नाही.

विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांच्या जन्मतारखेचीही अशीच एक गंमत आहे. दाखल्यावर ८ ऑगस्ट १९६६. त्यांची आई म्हणायची, ७ च्या मध्यरात्रीच्या जरा आधीचा. जन्माच्या वेळी तिथे हजर असलेली बाई एकीकडे आणि कागद एकीकडे.

माझ्याकडे कागद नाही. आई नाही, वडीलही नाहीत. चर्चापानावर काय लिहू? एक संदर्भ ‘दोन’ म्हणतो, एक ‘एक’ म्हणतो, दोन्ही तितकेच विश्वसनीय? विनंतीचा मजकूर दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला.

नियम चाळताना एक कलम सापडलं. फुशारकी नसेल आणि तिसऱ्या कोणाबद्दल दावा नसेल, तर माणसाने स्वतःविषयी स्वतः प्रसिद्ध केलेली साधी माहिती संदर्भ म्हणून चालू शकते. नऊ दिवसांचं बाळ हे तिसरं कोणी धरायचं का, ते त्यांनी ठरवावं. मी इथे लिहून ठेवते. आम्ही दोन भावंडं.

व्हायोलिन राहिलं तरी चालेल.