टॉक्सर नावाचा माणूस

“रोज बीबीसी लावून ठेवायचं. कानावर पडत राहिलं की आपोआप येतं.” हे मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या सगळ्यांवर माझा अजून राग आहे. सगळ्यात जास्त राग नागपूरच्या बर्डीवरच्या एका स्पोकन इंग्लिश क्लासवर, कारण बाकीच्यांनी फुकट सांगितलं आणि त्यांनी साडेसहा हजार घेऊन. तीन महिन्यांनी मी म्हटलं, काही समजत नाही, अर्धे तरी परत द्या. तर म्हणे फी परत होत नाही, बॅच बदलून मिळेल.

सक्करदऱ्याला माझं मोटार वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार पुन्हा गुंडाळायचं दुकान आहे. पंखे, कूलर, बोअरचे पंप. २०२२ च्या डिसेंबरात एका पंप कंपनीनं आम्हा मेकॅनिक लोकांची मीटिंग वर्धा रोडवरच्या हॉटेलात ठेवली होती. चेन्नईचा इंजिनिअर दीड तास इंग्रजीत बोलला. सगळे मान हलवत होते म्हणून मीही हलवली. जेवताना शेजारच्याला विचारलं, वॉरंटीचं नेमकं काय म्हणाला? तो म्हणाला, “मले काय विचारता, मी तुमच्याकडे पाहून मान हलवून राहिलो होतो.” इंग्रजी शिकायचं ठरलं ते तिथे, पनीरच्या भाजीवर.

तर क्लासच्या सांगण्यावरून एका होळीपासून दुसऱ्या होळीपर्यंत, पूर्ण एक वर्ष, मी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस कानात घालून काम केलं. आमच्या धंद्यात हात गुंततात, कान मोकळे असतात, म्हणून मला वाटलं हे आपल्यासाठीच आहे. वर्षाअखेर काय आलं? बातमीपत्र सुरू होतानाची धून पाठ झाली. युक्रेन, गाझा, प्रेसिडेंट, मिनिस्टर एवढं कळायचं. कोणी कोणाचं काय केलं ते नाही. भिंतीपलीकडे भांडण चालू आहे आणि आपल्याला फक्त भांडणाऱ्यांची नावं ऐकू येताहेत, तसं.

दुसऱ्या होळीच्या आधी अजनीचे गार्डकाका कूलरची मोटर घेऊन आले. रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. दुकानात बातम्या चालू होत्या. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, “काय म्हणाला तो?” मी म्हटलं, युक्रेनचं काहीतरी. “काय ‘काहीतरी’? अबे, तू ऐकून नाही राहिला, तू नुसता आवाज लावून ठेवून राहिला. आमच्या वेळी शॉर्टवेव्हवर आवाज यायचा, जायचा, मधात शिट्ट्या वाजायच्या. म्हणून कान टवकारून ऐकावं लागे. तुले साफ येऊन राहिला, म्हणून तू ऐकतच नाही.”

काका अजून बीबीसीला ‘बुश हाऊस’च म्हणतात. ती इमारत बीबीसीनं २०१२ मध्ये सोडली, पण काकांच्या लेखी बातम्या तिथूनच येतात. ड्युटी नसली की क्वार्टरमध्ये ते टाइम सिग्नलच्या टीप-टीप ऐकून घड्याळ लावायचे, पाच आखूड आणि सहावी लांब. त्यांचा उपाय एका वाक्याचा होता: एकच बातमी घे, वीस सेकंदांची, आणि ऐकू येईल तसं लिहून काढ. स्पेलिंग नाही, मराठीत. जे कानाला लागलं ते.

त्याआधी त्यांनी मला व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या हळू बातम्या ऐकायला लावल्या. ही गोष्ट १९५९ पासूनची आहे. ‘स्पेशल इंग्लिश’ नावानं सुरू झाली, नंतर ‘लर्निंग इंग्लिश’ म्हणू लागले. जेमतेम दीड हजार शब्दांत सगळी बातमी, आणि वेग नेहमीच्या दोन तृतीयांश. शिवाय मजकूर लिहिलेला मिळायचा. हे तीन आठवड्यांत जमलं, यात सांगण्यासारखं काही नाही. मी बायकोला म्हटलंसुद्धा, आलं बरं का इंग्रजी. (भाग फोनमध्ये उतरवून ठेवले होते ते बरं केलं. २०२५ च्या मार्चमध्ये तिथलं बहुतेक काम बंद पडलं.)

मग परत बीबीसी लावली आणि पुन्हा भिंत. तिथे मी होळीपासून दिवाळीपर्यंत अडकलो.

आता ते नेमकं कसं अडकणं होतं ते सांगतो, कारण क्लासवाल्यांना हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यांनी सांगितलं नाही. मी बिलबुकाच्या पाठीमागे लिहायला लागलो. पहिल्या दिवशीचं एक वाक्य अजून आहे माझ्याकडे: ‘पीस टॉक्सर एक्स्पेक्टेटरिझ्यूम.’ वीस वेळा मागे घेऊन ऐकलं, वीसही वेळा हेच. मी समजलो, टॉक्सर हा कोणीतरी माणूस आहे. पुढारी असेल नाही तर जनरल. संध्याकाळी दुसऱ्याच देशाच्या बातमीत पुन्हा टॉक्सर आला, ‘टॉक्सर अंडरवे’. म्हणजे हा माणूस सकाळी एका खंडात, संध्याकाळी दुसऱ्या. दोन दिवस मी त्याला शोधत होतो. फोनवर नाव टाकून पाहिलं, काही निघेना.

तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर हितवाद चाळत होतो. हा इथला जुना इंग्रजी पेपर, १९११ पासूनचा. टपरीवर तो पोह्याखाली घालायला असतो, पण परदेशाचं पान शाबूत होतं. तिथे तीच बातमी. पीस टॉक्स, म्हणजे शांततेची बोलणी. त्यापुढे आर. टॉक्स आर. टॉक्सर. पुढचं एक्स्पेक्टेड टु रिझ्यूम. बोलणी पुन्हा सुरू होण्याची शक्यता आहे. यातला एकही शब्द मला नवा नव्हता! सगळे येत होते, लिहिलेले असते तर चौथीतल्या माझ्या पोरीनंसुद्धा वाचले असते. तर्री पोह्यावरच सांडली, इतका राग आला मला.

तोवर मी समजत होतो की माझ्याकडे शब्द कमी आहेत, म्हणून रोज दहा शब्द पाठ करत होतो. शब्द नव्हते कमी. इंग्रज माणूस वाक्यातल्या कामाच्या शब्दांवर जोर देतो आणि आर, टु, ऑफ, अँड, हॅव ही किरकोळ मंडळी गिळून टाकतो. त्यांच्यात उरतो फक्त एक बारीकसा ‘अ’. आपण मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो, म्हणून आपला कान प्रत्येक शब्द वेगळा येण्याची वाट बघत बसतो. तो येतच नाही. शाळेत मास्तरांनी ‘हॅव’ शिकवलं, बातमीत ते ‘अव्’ असतं. ‘मे हॅव बीन’चं ‘मेयव्बिन’. ‘मिनिस्ट्री ऑफ डिफेन्स’चं ‘मिनिस्ट्रिअडिफेन्स’. ‘अ‍ॅट लीस्ट अ डझन’चं ‘अट्लीस्टडझन’. सगळ्यात घातक ‘कॅन’. होकार असला की तो नुसता ‘कन्’ होतो, ऐकूही येत नाही. नकार असला की ठणठणीत ‘कान्ट’. मी किती दिवस उलटंच समजत होतो देव जाणे.

गंमत म्हणजे गिळण्यात आपण काही कमी नाही. माझा साडभाऊ पुण्याचा. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी बोललो, “काहून, जाऊन ऱ्हायले का?” तर त्यानं बायकोकडे पाहिलं. ‘राहिले’तला हि आम्ही नागपूरचे लोक खाऊन टाकतो आणि आमच्या लक्षातही येत नाही. आणि ‘अ’ तर आपल्या बाराखडीत पहिलाच बसला आहे, जिभेला त्रास काहीच नाही. फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्यानंतर वही चालू. रोज एक बातमी, पाच-सहा वाक्यं, जास्त नाही. लिहायचं, मग बीबीसीच्या साइटवर किंवा पेपरात तीच बातमी शोधून ताडून पाहायचं. शब्दशः जुळत नाही, पण टॉक्सर पकडला जातो. जवळजवळ शब्दशः ताडायचं असेल तर बीबीसीचंच ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ आहे, त्याचा मजकूर मिळतो. पहिले दोन महिने अर्धी ओळ भोकंच. पावसाळ्यात भोकं कमी झाली. मध्ये एक महिना मी चिडून बंदही केलं होतं, ते लपवत नाही. काका फोन करून विचारायचे, “टॉक्सर सापडला का?”

आठवलं म्हणून सांगतो: प्लेअरमध्ये वेग कमी करायची सोय असते, ती वापरू नका. गिळलेला शब्द हळू केला तरी गिळलेलाच राहतो, फक्त लांब होतो. त्यापेक्षा तीच बातमी पुढच्या तासाला पुन्हा ऐका. बातम्यांचा हा मोठा फायदा, सिनेमात नाही. एकच गोष्ट दिवसभर थोडी थोडी बदलून येते, एकटा माणूस वाचतो, मागे संगीत नसतं. लंडनचा तास आपल्याकडे साडेला पडतो, म्हणून पाच मिनिटांचं बातमीपत्र साडेनऊ, साडेदहा असं गाठायचं. आणि सकाळी मराठी पेपरात परदेशाचं पान आधी वाचून घ्यायचं. काय घडलं ते माहीत असलं की कान फक्त शब्दांच्या मागे राहतो.

व्याकरणाचं एकच सांगतो. बातमीच्या पहिल्या वाक्यात बहुतेक वेळा ‘हॅज’ असतं, पुढे साधा भूतकाळ. एकदा हे कळलं की दुसऱ्या वाक्यापासून वेळ मिळतो. ‘आर-ओ-डब्ल्यू’ हा शब्द ‘रौ’ असा आला तर तो वाद असतो, रांग नाही. यावर माझा एक दिवस गेला.

आकड्यांचं मात्र मी हरलो. फिफ्टीन की फिफ्टी हे जोरावरून कळतं, टीनला शेवटी जोर, टीला आधी, ते जमलं. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी, हे मशीनजवळ भिंतीवर लिहून ठेवलं आहे. पण आमचं काम टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजायचं. माझ्या वायंडिंग मशीनचा काउंटर केव्हाचा बिघडलेला, मी मनात मोजतो. पंख्याच्या कॉइलला शेकड्यानं टर्न. दोनशे बारा, दोनशे तेरा, आणि कानात तो म्हणतो ‘टू हंड्रेड अँड फॉर्टी’. पुढे माझा आकडा दोनशे एक्केचाळीस. अशा दोन मोटरी जळून परत आल्या. वर्षभर आवाज नुसता लावून ठेवला होता तेव्हा असं एकदाही झालं नव्हतं.

दिवाळीच्या आठवड्यात साडेनऊचं बातमीपत्र पहिल्यांदा सलग कळलं. पाचच्या पाच मिनिटं. एका देशातली निवडणूक, एक पूर, व्याजदर, क्रिकेट. मी लगेच काकांना फोन लावला आणि चारही बातम्या सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आता बोलून दाखव.” ते येत नाही. चेन्नईचा इंजिनिअर परत आला तर वॉरंटीचं समजेल, विचारता येणार नाही. त्यासाठी बर्डीवर एक नवा क्लास निघाला आहे म्हणतात. आधी डेमो लेक्चरला बसणार आहे. “रोज आरशासमोर बोला, आपोआप येतं” असं म्हणाले की उठून येणार.

फोन ठेवला तेव्हा मशीनवरची कॉइल किती टर्नवर आहे ते आठवेना. सोडली सगळी, आणि पहिल्यापासून मोजायला घेतली. इअरफोन काढून.