आमची वाटचाल: एका मोठ्या ऑर्डरचा हिशोब

आमचं खोके बनवायचं छोटं युनिट, पार्टनर दोघं आणि माणसं मोजकी. सुरुवातीची धडपड सगळ्यांची सारखीच असते, ती सोडतो. खरं डोकं खाल्लं ते एका मोठ्या पार्टीच्या ऑर्डरनं. घेतली तर वर्षभराचं काम पक्कं, पण मशीन जवळपास त्यांच्यासाठीच चालणार, जुनी गिऱ्हाइकं लटकणार, पोरांना ओव्हरटाइम, वर पेमेंट ९० दिवसांनी.

पार्टनर म्हणाला कागदावर मांडू. अमेरिकेचे नेते आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ साली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाला पत्रातून हेच सुचवलेलं, कागदावर मधोमध रेघ मारायची, एका बाजूला हो म्हणायची कारणं दुसऱ्या बाजूला नाही म्हणायची, तीन-चार दिवस सुचेल तसं लिहायचं आणि मग सारख्या वजनाची समोरासमोर खोडायची. खोडायला बसलो आणि तिथंच अडलो, कारण जुन्या गिऱ्हाइकाचा विश्वास किती नफ्याबरोबर खोडायचा?

मग प्रत्येक मुद्द्याला त्याच्या वजनाप्रमाणे मार्क द्यायचे आणि बेरीज करायची ठरवली. पार्टनरनं नफ्याला १०० पैकी ५०, मी २०, झालं भांडण! पण नफा मोठा की माणसं, हा प्रश्न नुसता हवेत विचारून काही हाती लागत नाही. दोन पर्यायांत नफ्याचा फरक जेमतेम असेल आणि पेमेंटचा फरक ३० दिवस की ९० दिवस एवढा असेल तर तिथं वजन पेमेंटलाच जास्त द्यायला पाहिजे, नफा एरवी कितीही लाडका असू दे. फरक किती पडतोय ते आधी बघायचं, वजन मग. असं केल्यावर आमचे आकडे बरेच जवळ आले.

बेरजेत अजून एक गोची आहे, नफ्याचे भरघोस मार्क माणसांचा शून्य झाकून टाकतात. म्हणून काही गोष्टी बेरजेत घेतल्याच नाहीत, सरळ अट घातली: रात्रपाळी नाही, मशीनचा मेंटेनन्स चुकवायचा नाही. हर्बर्ट सायमन, ज्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचं म्हणणं साधारण असंच, की माणूस सगळ्यात बेस्ट शोधत बसत नाही, आपली किमान पातळी गाठणारा पर्याय मिळाला की थांबतो.

आमच्या अटीत ती ऑर्डर अख्खी बसतच नव्हती. निम्मी मागितली, थोडा ॲडव्हान्स मागितला, त्यांनी रेट पाडून दिला आणि आम्ही घेतला. जरा जास्तच सोडलं असं पार्टनर आजही म्हणतो, मला नाही वाटत.