आत्येच्या रकान्यात काय लिहू?

‘तुम्ही नक्की शिकवता काय?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, एस्टीत, बँकेच्या रांगेत, कुठेही गाठतो. ‘फुरसत, खेळ आणि पर्यटन यांचं समाजशास्त्र,’ असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो, ‘म्हणजे लोक मजा करतात आणि तुम्ही बघता?’ मालवणजवळ राहणारी आमची आत्ये याच्याही पुढे गेली. ‘आणि तेचो तुका पगार गावता?’

गावता, आत्ये. मी नक्की काय शिकवते, ते तिच्याच पडवीतलं सांगते.

आमची पहिली पंचाईत मोजणीतच होते. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत, नेहमीच्या वावराबाहेर वर्षभराहून कमी काळासाठी गेलेला, तिथे नोकरी धरायला न गेलेला आणि रात्रीचा मुक्काम करणारा माणूस पर्यटक ठरतो. नातेवाइकांकडे गेलेलाही त्यात आला. गणपतीच्या तोंडावर कुडाळ स्टेशनात मी हीच व्याख्या घेऊन प्रश्नावली वाटत होते. एका चाकरमान्याने कागद वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. ‘मी खंयचो पर्यटक? मी घराक चल्लंय.’ व्याख्येप्रमाणे तो पर्यटक होता. त्याच्या तोंडावर तसं म्हणायची माझी छाती नव्हती.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे कधीतरी आत्येच्या घरातल्याही दोन खोल्या न्याहारी-निवासाला निघाल्या. पाहुण्यांना चुलीवरचं हवं असतं. आत्येकडे गॅस येऊन जमाना झाला, म्हणून माझ्या भावाने पुढच्या अंगणात नवी चूल घातली, शेणाने सारवली, शेजारी तांब्याचा हंडा ठेवला. घावणे तिथे होतात, माशाचं सार आत गॅसवर. डीन मॅकॅनेल या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ मध्येच हे लिहून ठेवलंय: पर्यटकाला पडद्यामागचं खरं आयुष्य बघायचं असतं, आणि यजमान मग ते पडद्यामागचंही सजवून पुढे मांडतात. याला कुणी फसवणूक म्हटलं की मला राग येतो. पुढच्या चुलीमुळेच तर आत्येचं स्वैपाकघर अजून तिचं राहिलंय. नाहीतर पाहुणे मोबाइल घेऊन थेट फळीवरच्या डब्यांपर्यंत पोचतात.

पण माझं खरं घोडं अडलं ते कोकमांपाशी.

मे महिना होता. दुपारी जेवणं आटोपली की आत्ये आणि दोन शेजारणी पडवीत बसायच्या. फळ फोडायचं, बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्यात. ती सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायची, सुकली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. हात लालजांभळे, वर माश्या घोंघावतायत, आणि आत्ये दशावतारातल्या राजाची अशी नक्कल करतेय की शेजारीण पदराने डोळे पुसतेय.

मी शेजारी वही घेऊन. आपल्याकडे २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर वेळ-वापराचं सरकारी सर्वेक्षण झालं. त्यात दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने असतात. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, ते काम करणाऱ्या पुरुषांची ९७. त्याच धर्तीवर मी आत्येचा दिवस उतरवत होते. तीन ते साडेतीनच्या रकान्यात काय लिहू? कोकमं फोडणं, की गप्पा, की नाटक? एका रकान्यात एकाहून जास्त गोष्टी लिहिता येतात, ती सोय आहे. पण हे सगळं मिळून काम झालं की फुरसत?

तेवढ्यात पाहुण्यांतली पुण्याची एक मुलगी येऊन बसली. दहा-बारा कोकमं तिने मनापासून फोडली, रंगलेल्या बोटांचा फोटो काढला आणि समुद्रावर गेली. तिचा रकाना मी डोळे मिटून भरला असता.

योहान हाउझिंगा नावाच्या डच इतिहासकाराने १९३८ मध्ये म्हटलं की खेळ आपखुशीचा असतो, हुकमाने खेळला तर तो खेळच नव्हे. रात्री भांडी विसळताना मी हे आत्येला माझ्या परीने सांगितलं. तिने हातातलं पातेलं उपडं घातलं. ‘त्या चेडवाक कंटाळो इलो, ता उठान गेला. मी उठान गेलंय तर सोलां कोण सुकयतलो?’ मी वर्गात हाउझिंगा शिकवायला दोन तास घेते.

दोन दिवसांनी देवळाकडे दशावतार होता. पाहुण्यांची जेवणं उरकून आत्येने साडी बदलली, अबोलीचा वळेसर माळला आणि बॅटरी घेऊन निघाली. उंबऱ्यातून म्हणाली, ‘सकाळची न्याहारी तू बघ गो.’ नाटक रात्रभर चाललं. दुसऱ्या दिवसाचा पहिला रकाना, पहाटे चारचा, मी एकदाही न खोडता भरला: फुरसत.

साडेसहाला सहा माणसांचे पोहे मी केले. ते माझ्या रकान्यात कशाखाली घालायचे, हे अजून ठरायचंय.