तुम्ही विचारलंत म्हणून: संत्र्याचा चोथा आणि कोलेस्टेरॉल

"रोज सकाळी संत्र्याचा ताजा रस घेतो, कणीक चाळत नाही, कोंड्यासकट पोळ्या खातो. तरी कोलेस्टेरॉल उतरत का नाही?" नागपुरात हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही तोच विचारलात.

गव्हाच्या कोंड्याने पोट साफ राहतं, पण एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, फारसं हलत नाही. तो पाण्यात विरघळत नाही ना! त्यासाठी भिजल्यावर बुळबुळीत होणारं फायबर लागतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर इसबगोल टाकून पाच मिनिटं बघा: भुसा आधी तरंगतो, मग फुगतो, शेवटी खळीसारखा घट्ट होतो. आतड्यात हेच घडतं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. एरवी त्यातली सुमारे ९५ टक्के आतड्यातून शोषली जाऊन परत यकृतात येतात. या लगद्यात त्यातली काही अडकली की शौचावाटे निघून जातात, आणि तूट भरायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं.

संत्र्यातलं असं फायबर म्हणजे पेक्टिन. ते फोडीच्या पापुद्र्यात आणि पांढऱ्या शिरांत असतं. रसवाला नेमका तोच चोथा टाकून देतो. म्हणून संत्रं सोलून, शिरा न काढता खा. अर्थात एका संत्र्याने भागत नाही. ओट्स किंवा जवातलं बीटा-ग्लुकन (हेही असंच बुळबुळीत फायबर) रोज ३ ग्रॅम पोटात गेलं, तर एलडीएल साधारण ५ ते ७ टक्के उतरतं. त्याला कोरडे ओट्स ७५ ग्रॅमच्या आसपास लागतात. इसबगोल असेल तर दिवसाला १० ग्रॅम, दोनदा विभागून. एकदा काट्यावर मोजून घ्याच, चमच्याचा अंदाज फार चुकतो. जोडीला वरण, चणे, भेंडी, जवसाची चटणी आहेच.

बहुतेकांचं बिनसतं ते घाईमुळे. पहिल्याच दिवशी इसबगोलची पूर्ण मात्रा घेतली की गॅस होतो, पोट फुगतं आणि डबा कायमचा फडताळात जातो. पहिला आठवडा एक छोटा चमचा, मग हळूहळू वाढवा. दर वेळी इसबगोल ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या. कोरडा तोंडात टाकला तर घशातच फुगू शकतो; गिळायला त्रास होणाऱ्यांनी तो घेऊच नये. नागपूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं तर उलट मलावरोध होतो.

औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर हवं. थायरॉइडच्या गोळीचं अंतर डॉक्टरांना विचारून ठरवा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) चालू असेल तर मनाने बंद करू नका, फायबर त्याच्या जोडीला असतं. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा आणि जुन्या रिपोर्टशेजारी ठेवून एलडीएलची ओळ बघा. त्याच रिपोर्टातल्या ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या चरबीवर, फायबरचा फारसा परिणाम होत नाही.