तुम्ही विचारलंत म्हणून : एकाच खोलीत दोन सबवूफर कशाला?

घरी कोणी सिनेमा बघायला आलं की आधी पडदा बघून होतो, मग स्पीकर, आणि मग नजर मागच्या भिंतीकडे जाते. पुढच्यासारखाच एक काळा खोका तिथेही आहे, सबवूफर, म्हणजे फक्त बास (खालचा, घुमणारा आवाज) काढणारा स्पीकर. "एक असताना दुसरा कायले भो? इतका आवाज लागतो का?" शेजारी विचारतात, ड्युटीवरचे विचारतात, नवीन सेट घ्यायला निघालेली जळगाव-चाळीसगावकडची पोरं फोनवर हेच विचारतात. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्याने सांगत आलो, आज एकदा नीट लिहितो.

दुसरा सबवूफर आवाज वाढवायला आणलेला नाही. तो आबांसाठी आणला.

आमचं घर भुसावळला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. हॉल सतरा फूट लांब, बारा फूट रुंद, वर दहा फुटांवर स्लॅब. पहिला सबवूफर घेतला तेव्हा दुकानदाराने सांगितलं, कोपऱ्यात ठेवा, दणका चांगला बसतो. ठेवला. दणका बसलाही, पण तो आबांच्या डोक्यात. आबा मागच्या भिंतीला लागून असलेल्या दिवाणावर बसतात, कोपऱ्याच्या बाजूला. दहा मिनिटांत उठून आत जायचे. "मले तं निस्ती घुमघुम ऐकू येते, बोलणं काहीच समजत नाही." मी सोफ्याच्या मधोमध बसायचो, आणि मला वाटायचं बास कमीच आहे. बायको सोफ्याच्या डाव्या टोकाला, ती म्हणायची, आहे की चांगला. एकच यंत्र, एकच सिनेमा, आणि तिघांची तीन मतं. तिघंही खरंच बोलत होतो, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

एका रविवारी घरात कोणी नसताना मी ४७ हर्ट्झचा (सेकंदाला ४७ कंपनांचा, अगदी खालचा) एकच सूर लावून ठेवला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेलो. डाव्या भिंतीजवळ शोकेसमधले स्टीलचे पेले किणकिणत होते. चार पावलं टाकून मधे आलो तर सूर विझला. कोणी वायर काढली असं वाटावं इतका विझला. आणखी चार पावलं, उजवी भिंत, पुन्हा छातीवर दाब. मी तीन-चार वेळा फेऱ्या मारल्या. जिथे सूर विझत होता तिथेच बरोबर माझी सोफ्यावरची जागा होती.

कारण साधं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. खालच्या सुरांच्या लाटा म्हणूनच फार लांब असतात, ३३ हर्ट्झची लाट जवळजवळ साडेदहा मीटरची. म्हणजे माझ्या हॉलच्या लांबीच्या बरोबर दुप्पट. अशी लाट भिंतीवर आपटून परत येते आणि येणारी-जाणारी एकमेकींत मिसळून जागच्या जागी उभी राहते. दोन्ही भिंतींजवळ जोर, मधोमध काहीच नाही. लांबीमुळे ३३, रुंदीमुळे ४७, उंचीमुळे ५६-५७, आणि लांबीचाच दुसरा ६६ हर्ट्झच्या आसपास. प्रत्येक खोलीचे असे आपले ठरलेले सूर असतात. तुमच्या खोलीचे काढायचे तर ३४५ ला लांबीच्या (मीटरमध्ये) दुपटीने भागा. आबा कोपऱ्यापाशी होते, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्हीचा जोर त्यांच्या वाट्याला. मी रुंदीच्या मधोमध, म्हणून ४७ मला जवळजवळ नाहीच.

अमेरिकेतली माणसं या विषयावर खूप लिहितात, पण त्यांची घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची, त्यावर जिप्समचे पत्रे. तिथे बराचसा बास भिंतीतून बाहेर निघून जातो. आपल्याकडे नऊ इंची विटांची भिंत, वर स्लॅब, खाली फरशी. आत सोडलेला बास आतच फिरतो. म्हणून त्यांच्याकडे एका सबवूफरवर भागलं म्हणून आपल्याकडे भागेल असं नाही.

सुरुवातीला मी इक्वलायझरने (वेगवेगळे सूर कमी-जास्त करायची सोय) झगडलो. ४७ वाढवला. मधोमध त्या सुराचं काहीच उरत नव्हतं, त्यामुळे वाढवून तिथे फरक पडला नाही. ॲम्प्लिफायर मात्र तापायला लागला, कारण ३ डेसिबल वाढवायचे तर दुप्पट ताकद लागते. आबांसाठी कमी केला तर सोफ्यावर उरलासुरलाही गेला. एका सबवूफरमध्ये असंच होतं, एकाच्या ताटातलं काढल्याशिवाय दुसऱ्याला वाढता येत नाही.

मग वाचनात टॉड वेल्टी यांचं काम आलं. हार्मन कंपनीत त्यांनी २००२च्या सुमारास नेमका हाच प्रश्न घेतला: बंद चौकोनी खोलीत सगळ्या जागांवर बास सारखा यायचा तर किती सबवूफर आणि कुठे? त्यांचं उत्तर असं की समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी मोठा फरक पडतो, चार भिंतींच्या मध्यावर चार ठेवले तर आणखी, आणि चारच्या पुढे खर्चाच्या मानाने हाती फार काही लागत नाही. हे वाचून मी कागदावर आमचा हॉल काढला. डाव्या भिंतीच्या मधोमध दार, तिथे खोका ठेवता येणार नव्हता. म्हणून एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर आणि एक मागच्या.

हे काम का करतं ते मला फार सुंदर वाटतं, म्हणून थोडं थांबतो. ३३ हर्ट्झची लाट उभी असते तेव्हा पुढच्या भिंतीवर दाब वाढतो त्याच क्षणी मागच्या भिंतीवर तो कमी होतो, झोपाळ्याच्या दोन टोकांसारखं. दोन सबवूफर दोन्ही टोकांवर एकाच वेळी एकसारखा दाब देतात. झोपाळ्याला दोन्हीकडून एकदम सारखं ढकललं तर तो हलणार कसा? ३३ची ती लाट उभीच राहत नाही. आणि दोन्ही खोके रुंदीच्या मध्यावर आहेत, जिथे ४७ मुळातच विझलेला असतो, म्हणून ते त्यालाही चेतवत नाहीत. उंचीचा ५७ राहतो, पण बसल्यावर सगळ्यांचे कान साधारण एकाच उंचीवर येतात, म्हणून तो सगळ्यांना सारखाच त्रास देतो. सगळ्यांना सारखा असलेला दोष इक्वलायझरने खुशाल काढावा, त्यात कोणाचं नुकसान नाही. ६६ मात्र पूर्ण गेला नाही. दिवाणावर तो अजून थोडा जास्त आहे, आणि तिथे मी मधला मार्ग काढला आहे.

आता जे सगळ्यात जास्त जणांचं चुकतं ते. माझंही चुकलं होतं. माझ्या रिसीव्हरला (सगळे स्पीकर ज्याला जोडतात ते यंत्र) सबवूफरची दोन वेगळी आउटपुट आहेत. मी दोन्ही जोडली, माईक सोफ्यावर ठेवला आणि आपोआप कॅलिब्रेशन होऊ दिलं, म्हणजे रिसीव्हरने स्वतःच मोजून सगळं जुळवायचं. त्याने काय केलं, मागचा सबवूफर सोफ्याला जवळ म्हणून त्याला साडेपाच मिलिसेकंद उशीर दिला आणि त्याचा आवाजही कमी केला. माझ्या जागेवरचा आलेख (कोणता सूर किती मोठा येतो त्याचा) झकास. आबा मात्र परत उठून आत गेले. साडेपाच मिलिसेकंद ऐकायला काहीच नाही, पण ३३ हर्ट्झला तो लाटेचा जवळजवळ पाचवा-सहावा हिस्सा होतो. दोन्ही टोकांनी एकदम ढकलायचं तेच राहिलं नाही.

म्हणून समोरासमोर ठेवलेल्या जोडीला दोन्हीकडे एकच सिग्नल द्या, एकाच आउटपुटमधून वाय केबलने (एकाची दोन टोकं करणारी वायर). दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. एक बंद खोक्याचा आणि एक पोर्टवाला (खोक्याला हवेचं भोक असलेला) अशी जोडी करू नका, खालच्या सुरांना त्यांची फेज, म्हणजे लाटांची वेळ, जुळत नाही. मग माईक एकाच्या कोनपासून (पुढे-मागे हलणाऱ्या शंकूपासून) वीतभर अंतरावर धरून पातळी बघा, दुसऱ्याच्या तितक्याच अंतरावर तीच पातळी येईपर्यंत मागचं बटण फिरवा. सोफ्यावरून बरोबरी करू नका. त्यानंतर दोघांना एकच सबवूफर समजून रिसीव्हरला पुढचं काम सांगा. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा, सगळे स्पीकर 'स्मॉल' करा, म्हणजे त्याखालचे सूर सबवूफरकडे जातील. टेस्ट टोनला स्पीकर आणि सबवूफर दोन्ही ७५ डेसिबलवर आणा, आवाज मोजायचा मीटर 'सी वेटिंग' आणि 'स्लो' या सेटिंगवर ठेवून. मग रिसीव्हरच्या सेटिंगमधलं सबवूफरचं अंतर थोडं थोडं बदलत आलेखात ८० हर्ट्झजवळचा खड्डा कधी भरतो ते बघा. इक्वलायझर सगळ्यात शेवटी, आणि फक्त कमी करण्यासाठी.

आलेखासाठी रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, यूएसबीचा मापाचा माईक मात्र विकत घ्यावा लागतो. पडद्याआधी त्याचे पैसे बाजूला काढा, इतकं मला त्याचं महत्त्व वाटतं. माईक हातात धरू नका, स्टँडवर कानाच्या उंचीला लावा आणि प्रत्येक बसायच्या जागेवर वेगळा आलेख घ्या. पंखा, कूलर बंद. आमच्याकडे आणखी एक काळजी: मालगाडी जात असेल तर तिची धडधड नेमकी याच सुरांत येते आणि आलेख बिघडतो. मी रात्री दीडनंतर, दोन गाड्यांच्या मधे, प्रत्येक जागेवर तीन-तीनदा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) घेतला.

उन्हाचंही सांगतो, कारण ते आपल्या खानदेशातच जास्त लागू होतं. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. जानेवारीच्या रात्री १८ अंशांवर जो सूर ३३ला येतो तो मे महिन्यात बंद खोलीत ४२ अंशांवर सव्वाचौतीसच्या आसपास जातो. म्हणून अगदी अरुंद फिल्टर लावून एकेका हर्ट्झच्या मागे धावू नका, आणि एसी लावून सिनेमा बघत असाल तर एसीने खोली गार करून, मग तो बंद करून मोजा.

मागच्या सबवूफरला एक दिवस घूं असा आवाज सुरू झाला. तो ५० हर्ट्झचा, विजेचा. दोन सबवूफर दोन वेगळ्या बोर्डांवर होते. दोन्हींना एकाच बोर्डावरून वीज दिली, गेला. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगतात. कृपा करून तसं करू नका, त्यात जीव जातो.

"कोपऱ्यात गाद्या ठेवल्या तर?" हेही विचारलं जातं, कापूस आपल्याकडे घरचाच. बोलणं स्वच्छ व्हायला त्यांचा उपयोग होतो. पण ३३ हर्ट्झ नीट शोषायचा तर भिंतीपुढे अडीच मीटरपर्यंत कापूस भरावा लागेल. बाजारातला दोन इंची फोम या कामाला काहीच करत नाही.

आणि एक अपेक्षा आधीच सोडून द्या. कोपऱ्यातला दणका दोन सबवूफर आणूनही मिळणार नाही. पहिल्या रात्री मलाही वाटलं, बास कमी झाला की काय. मग पडद्यावर पाऊस सुरू झाला, लांबवर ढग गडगडले, आणि तो गडगडाट खोलीभर सारखा पसरला, कुठूनच न येता. मी मागे वळून बघितलं. आबा दिवाणावरच होते, पाय वर घेऊन. मध्यंतरानंतरही तिथेच होते.

तुम्ही घरात एकटेच बघत असाल, खुर्ची एकच असेल, तर दुसऱ्याचा खर्च करू नका. एकच चांगला घ्या, तुमच्या बसायच्या जागेवर तो ठेवून खालचे सूर एकामागून एक लावा, भिंतीकडेने फिरून जिथे सगळे सूर सगळ्यात सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर मांडा. पण मागे आई-वडील बसत असतील तर फोन करा. करण्याआधी खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहून ठेवा, आणि दार कोणत्या भिंतीत आहे तेही.