बॉट स्पर्धेची तयारी: घड्याळ, उसन्या खेळ्या आणि डाव कधी सोडायचा

मंडळी, मागच्या नोंदीपर्यंत माझं बुद्धिबळ इंजिन (खेळ्या शोधणारा प्रोग्राम) यूसीआय आज्ञांना, म्हणजे इंजिनाशी बोलण्याच्या ठरलेल्या भाषेला, नीट उत्तरं देऊ लागलं होतं. आता ते लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर बॉट (माणसाऐवजी प्रोग्राम खेळतो असं खातं) म्हणून खेळतंय आणि ओळखीच्या इंजिनवाल्यांच्या छोट्या साखळी स्पर्धेत उतरणार आहे.

खात्याचं काम थोडक्यात आटोपतं. एकही डाव न खेळलेलं कोरं खातं लागतं, आणि ते एकदा बॉट झालं की पुन्हा माणसाचं करता येत नाही. सर्व्हर आणि इंजिन यांच्यामधला दुवा म्हणून पायथनमधला लिचेस-बॉट वापरलाय. टोकन (खात्याची गुप्त किल्ली) कॉन्फिग फाइलमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलं, कारण ती फाइल आपण एकमेकांना सर्रास पाठवतो.

सगळ्यात जास्त वेळ घेतला घड्याळानं. लिचेसचे सर्व्हर फ्रान्समध्ये, माझा संगणक पुण्यात. स्टॉकफिश या नामांकित इंजिनात 'मूव्ह ओव्हरहेड', म्हणजे नेटच्या विलंबासाठी दर खेळीला राखलेला वेळ, मुळात 10 मिलिसेकंद असतो. एकाच मशीनवरच्या सामन्यांना तो पुरतो, इथून खेळताना नाही. माझ्या इंजिनात हाच पर्याय घालून 500 ठेवलाय. 3 मिनिटं अधिक दर खेळीला 2 सेकंदांच्या डावात प्रत्येक वेळी अर्धा सेकंद राखून ठेवणं अजिबात जड नाही. जिंकत आलेला डाव वेळ संपून गेला, तर नुकसान समोरच्याचंही होतं. त्याला आपल्या इंजिनाची ताकद जोखायची असते, माझ्या वायफायची नव्हे.

एका वेळी एकच डाव, अनोळखी आव्हानं बंद, स्वतःहून आव्हान देणारं मॅचमेकिंगही बंद. फेरीच्या मधेच तिसऱ्याचाच डाव सुरू झाला, तर प्रोसेसर वाटला जातो आणि जोडीदार ताटकळतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. लिचेस-बॉटमध्ये ऑनलाइन खेळ्या आणण्याची सोय आहे: चेसडीबी हा खेळ्यांचा ऑनलाइन साठा, लिचेसचं क्लाउड विश्लेषण (आधीच करून साठवलेलं) वगैरे. सरावात ठीक, पण स्पर्धेत मी ती पूर्ण बंद ठेवणार. क्लाउडमधली खेळी स्टॉकफिशनं शोधलेली असते. ती माझ्या इंजिनाच्या नावावर का पडावी? मूळ काम कोणाचं, यावरून या छंदात मोठी वादळं झाली आहेत. 2011 मध्ये आयसीजीए या संगणक-खेळांच्या संघटनेनं क्राफ्टी आणि फ्रूट या इंजिनांचा कोड वापरल्याच्या कारणावरून रिब्का या इंजिनाची जगज्जेतेपदं काढून घेतली. आपली साखळी घरगुती असली तरी ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार खेळ्या) कोणाचं, एनएनयूई जाळं (स्थितीचं मूल्य ठरवणारं न्यूरल नेटवर्क) कुठून घेतलं, हे प्रत्येकानं आधीच सांगावं, असं माझं ठाम मत आहे. घेतलेलं घेतलं म्हणून सांगण्यात कमीपणा नाही.

डाव सोडण्याची सोय मुळात बंद असते. ती चालू केली: लागोपाठ 3 खेळ्या मूल्यांकन उणे 1000 सेंटीपॉनच्या (100 सेंटीपॉन म्हणजे एक प्यादं) खाली राहिलं की डाव सोडायचा. एक वजीर मागे असताना मात होईपर्यंत 40 खेळ्या रेटण्यात कोणाचंच भलं नाही. बरोबरीच्या बाबतीत मात्र मी सावध आहे. हत्ती-प्याद्यांच्या अंतिम डावात माझं इंजिन शून्य दाखवतं आणि तरीही पुढे हरतं, त्यामुळे पटावर मोजकी मोहरी उरल्याशिवाय प्रस्ताव पाठवायचा नाही, असं ठरवलंय.

चॅटमध्ये सुरुवातीला नमस्कार, शेवटी आभार, एवढंच. आपलं मूल्यांकन प्रेक्षकांना दिसू दे, पण डाव चालू असताना ते प्रतिस्पर्ध्यासमोर मिरवू नये. आणि फेरी चालू असताना मालकानं जागेवर असावं. 2000 साली इंटरनेट चेस क्लबवर सुरू झालेल्या सीसीटी या इंजिनांच्या स्पर्धांमध्येही इंजिनवाले हजर राहून एकमेकांशी बोलत असत. वीज गेली, नेट गेलं, तर निदान निरोप तरी देता येतो. दुवा पुन्हा सुरू केला की लिचेस-बॉट अर्धवट डाव आपोआप उचलतो. घड्याळ मात्र तोवर थांबत नाही. म्हणून राउटरही इन्व्हर्टरवर घेतलाय.

पहिल्या फेरीआधी सिझिजी टेबलं (मोजकी मोहरी उरलेल्या डावांची तयार उत्तरं) जोडून बघायची आहेत. 5 मोहऱ्यांपर्यंतची सुमारे 1 जीबीत बसतात. 6 मोहऱ्यांना जवळपास 150 जीबी लागतात, ती नवी एसएसडी आल्यावर.